करपा आणि नावांचा पसारा

आंब्याच्या कोवळ्या पालवीवर दमट हवेत तपकिरी ठिपके उमटतात, एकमेकांत मिसळतात, आणि पान कडेपासून भाजल्यासारखे दिसू लागते. शेतकरी याला ‘करपा’ म्हणतो. तोच शब्द त्याला इतर पिकांवरच्या कितीतरी रोगांनाही पुरतो. वनस्पतिशास्त्राला मात्र तो पुरला नाही. त्याऐवजी शास्त्राने योजलेल्या नावांचा इतिहास संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे.

या रोगामागे असलेली कोलेटोट्रायकम ही बुरशीची प्रजाती कोर्डा याने १८३१ मध्ये स्थापिली. त्यानंतर नवे झाड दिसले की नवी जाती, असा प्रघातच पडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नावे सुमारे ७५० झाली. १९५७ मध्ये फॉन आर्क्स याने ती ११ वर आणली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू सरळ की वाकडे, त्यांची टोके गोल की निमुळती, एवढ्याच खुणांवर विसंबले तर पेरूवरची बुरशी आणि लिंबावरची बुरशी यांत फरक दिसत नाही, हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले. एकट्या ग्लिओस्पोरिऑइडिस या जातीच्या पोटात सुमारे ६०० नावे गेली. त्याला दोष देणे सोपे आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. हाती असलेल्या साधनांनी जेवढे दिसत होते, तेवढेच त्याने सांगितले.

गोंधळाचे आणखी एक मूळ होते. या बुरशीची लिंगी अवस्था वेगळी दिसते, म्हणून तिला १९०३ पासून ग्लोमेरेला हे स्वतंत्र नाव होते. जीव एक आणि कायदेशीर नावे दोन! ही दुहेरी पद्धत २०११ च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने मोडीत काढली.

डीएनएचे वाचन सुरू झाल्यावर हा प्रश्न लगेच सुटेल असे वाटले होते. परंतु सर्वांनी निवडलेला आयटीएस हा तुकडा जवळच्या जाती वेगळ्या करण्यास अपुरा ठरला, आणि अनेक जनुके शेजारी मांडून वाचावी लागली. त्याहून मूलभूत अडचण अशी, की मुळात ‘ग्लिओस्पोरिऑइडिस’ म्हणायचे कशाला? पेन्झिग याने १८८२ मध्ये इटलीतील लिंबूवर्गीय झाडावरून वर्णिलेल्या या जातीची वाढवता येईल अशी मूळ प्रतच नव्हती. २००८ मध्ये इटलीतीलच संत्र्यावरचा एक नमुना प्रमाण प्रत म्हणून निश्चित झाला. मग त्याच्याशी ताडून पाहता २०१२ मध्ये त्या एका नावाखालून २२ जाती बाहेर आल्या. त्यांतली एशियानम ही २००९ मध्ये थायलंडमधील कॉफीच्या फळांवरून वर्णिलेली. पुढे ती अनेक देशांत आंब्यावरही सापडली. म्हणजे झाड बदलले की जाती बदलते, हा एकोणिसाव्या शतकाचा समज नव्या पुराव्यानेही सावरला नाही.

आज बीजाणूंचे माप, वसाहतीचा रंग आणि जनुकांचा क्रम या गोष्टी एकत्रच मांडतात. प्रश्न उरतो तो मधल्या पन्नास वर्षांच्या लेखनाचा. आंब्यावर, पपईवर, मिरचीवर ‘ग्लिओस्पोरिऑइडिस’ आढळल्याचे जे असंख्य निबंध छापले गेले, त्यांतली बुरशी नेमकी कोणती होती? लेखकाने वाळलेले पान एखाद्या संग्रहात ठेवले असेल, तर ते पुन्हा तपासता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे. जिथे पान ठेवलेच नाही, तिथे छापील नाव तेवढे उरते, आणि त्या नावावरून आता काहीच ठरवता येत नाही.