ओगा कमळ

ओगा कमळ : जपानमधील चिबा शहरात जमिनीखाली सापडलेल्या बियेपासून वाढविलेला पवित्र कमळाचा (निलंबो न्यूसिफेरा) प्रकार. वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा (१८८३–१९६५) यांच्या नावाने तो ओळखला जातो. ओगा यांनी पूर्वी मांचुरियातील पुलांदिअन येथील पीटमधल्या कमळबिया रुजविल्या होत्या. चिबातील केमिगावा येथे १९४७ मध्ये पीटच्या थरात खोड कोरून केलेली होडी व त्यानंतर कमळाचे अवशेष मिळाले, तेव्हा त्यांनी तेथे उत्खनन हाती घेतले. मार्च १९५१ मध्ये सुरू झालेल्या या कामात शाळकरी मुलांचीही मदत झाली. एकूण तीन बिया हाती लागल्या. दोन वाया गेल्या. तिसरीपासून वाढलेल्या रोपास १८ जुलै १९५२ रोजी गुलाबी फूल आले.

या कमळाचे वय २,००० वर्षे असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा सावधपणेच स्वीकारावा लागेल. कार्बन-१४ पद्धतीने शिकागो येथे तपासले गेले ते होडीचे लाकूड. ते सुमारे ३,००० वर्षांचे निघाले आणि त्याच्या आधारे ओगा यांनी बियेच्या वयाचे अनुमान केले. प्रत्यक्ष बियेचे वय मोजले गेले नाही. दलदलीत वरच्या थरातील बी खाली जाणे अशक्य नसते. पुलांदिअनच्या रुजलेल्या एका बियेचे स्वतःचे वय मात्र या पद्धतीने सुमारे १,३०० वर्षे ठरले (१९९५). दीर्घकाल सुप्त राहण्याची कमळबियेची शक्ती तेवढ्यानेही निर्विवाद सिद्ध होते.

या शक्तीचे कारण म्हणजे बियेभोवतीचे कठीण, जलाभेद्य कवच. उद्यानातील तळ्यासाठी ताजी पक्व बी वापरतानाही ते कानशीने एका टोकाशी घासून पाणी आत शिरू द्यावे लागते. आतील गर्भास धक्का लागता कामा नये. ओगा कमळाचा प्रसार मात्र मूलक्षोडाच्या (जमिनीतील खोडाच्या) तुकड्यांनीच करणे इष्ट, कारण शेजारच्या कमळांशी परपरागण होऊन धरलेल्या बियांपासून मूळ वाण शुद्ध राहत नाही. तुकड्याचा वाढता कोंब शाबूत ठेवून तो चिकण गाळात आडवा लावतात. पाणी प्रथम उथळ ठेवून पाने वर येतील तसे वाढवितात. भरपूर ऊन आवश्यक असते. तळ्यात दुसरी कमळे असल्यास हे कमळ स्वतंत्र कुंडीतच ठेवावे. तसेच पक्व होणारी फळे वेळीच काढून टाकावीत, नाहीतर तळाशी पडलेल्या बियांची रोपे पुढे मूळ रोपांत बेमालूम मिसळतात.