हेडफोनमधली सूं

अॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनची पिन खुपसली, गाणे अजून लावलेले नाही, व्हॉल्यूम शून्यावर आहे, तरी कानात बारीक सूं चालूच. तिच्या तळाशी कधी घूं असा घुमारा. दुरुस्तीवाल्याकडे धाव घेण्याआधी आपण या आवाजाची वंशावळ पाहू. ती घरगुती हेडफोनहून बरीच जुनी आहे. १८७६ च्या सुमारास बॉस्टनमध्ये ग्रॅहॅम बेलचा सहाय्यक थॉमस वॉटसन रात्री तासन्‌तास रिसीव्हर कानाला लावून तारेवरचे चमत्कारिक आवाज ऐकत बसे. सूर्यावरचे स्फोट असतील, नाहीतर परग्रहावरचे संकेत, असा त्याचा कयास. पलीकडे कुणी बोलत नसताना टेलिफोन ऐकणारा हा बहुधा पहिलाच माणूस! पुढे शहरांत विजेच्या तारा आणि ट्राम आल्या, आणि परतीची वाट जमिनीतून काढणारे एकतारी टेलिफोन गुरगुरू लागले. असा उपद्रव रोखण्यासाठी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याची युक्ती बेलच्याच नावावर, १८८१ ची. आपली ६.३५ मिलिमीटरची जाड पिनही याच घराण्यातली. ती टेलिफोन एक्स्चेंजच्या ऑपरेटरांकडून आली.

घूं अशी बाहेरून येत होती. सूंचे मूळ मात्र यंत्राच्या पोटात निघाले. १९१८ मध्ये जर्मनीत वाल्टर शॉट्कीने दाखवले की व्हॉल्व्हमधला प्रवाह सलग नसून इलेक्ट्रॉनांच्या कणाकणाने येतो, पत्र्यावर पडणाऱ्या सरीसारखा, म्हणून तो वाजतो. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सनने त्याहून अवघड गोष्ट मोजून मांडली: काहीही न जोडलेला साधा रेझिस्टरसुद्धा केवळ त्याच्या तापमानामुळे सूक्ष्म विद्युत-गोंधळ करतो. त्याचे गणित हॅरी नायक्विस्टने बसवले. दोघेही मूळचे स्वीडनचे, हा योगायोग मला फार आवडतो.

तोवर हेडफोन जन्मला होता. युटामधल्या नॅथॅनियल बाल्डविनने स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन १९१० मध्ये अमेरिकन नौदलाने घेतले. संगीतासाठी स्टीरिओ हेडफोन घरोघरी नेण्याचे श्रेय मिलवॉकीच्या जॉन कॉसकडे, १९५८ पासून. मग अॅम्प्लिफायरवाल्यांना पिनेची सोय देणे भाग पडले. बहुतेकांनी स्वस्तातला मार्ग धरला: वेगळे सर्किट न करता स्पीकरच्या आउटपुटमधूनच, मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर घालून, हेडफोनला जोडणी दिली. स्पीकरला एक वॅट लागतो तिथे कानावरच्या हेडफोनला त्याचा हजारावा भागही पुरतो. त्यामुळे दिवाणखान्यात कुणाच्या लक्षात न येणारी सूं इथे स्पष्ट ऐकू येते. व्हॉल्यूमची कळ पॉवर-स्टेजच्या आधी असते. सूं त्या स्टेजमध्येच उपजली असेल तर कळ कितीही फिरवा, ती हलत नाही. कळीबरोबर वाढली, तर उगम अलीकडे, प्री-अॅम्पमध्ये. राहिली घूं: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि पॉवर-सप्लाय तिच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून त्याची घूं बहुधा १०० हर्ट्‌झची.

गंमत अशी, की काटकसरीचा तो रेझिस्टरच आपला खरा रखवालदार. ३३० ओहमचा रेझिस्टर आणि ३२ ओहमचा हेडफोन असेल तर सूंचा जेमतेम अकरावा हिस्सा कानापर्यंत पोचतो. गाणेही तेवढेच उतरते, पण त्याची भरपाई कळ वाढवून करता येते. हाच रेझिस्टर काही हेडफोनांचा बेस मात्र फुगवतो. म्हणून हौशी मंडळी सोल्डरिंग आयर्न घेऊन तो काढून टाकतात. बेस ताळ्यावर येतो, आणि सूं अकरापट होते.