व्हायोलिन शिकून पोट भरतं का? – एका जुन्या पगाराची गोष्ट

गावातल्या बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीचं काय करायचं, याची बातमी मी गेल्या आठवड्यात दिली होती. एक प्रस्ताव आहे गाळे काढण्याचा. दुसरा आहे मुलांसाठी संगीत केंद्राचा. तबला, पेटी, भजन आणि जमलं तर व्हायोलिन. बातमी छापून आल्यावर पाच-सहा फोन आले. बहुतेकांचा सूर एकच. "गाळ्यांचं भाडं तरी येईल. व्हायोलिन शिकून पोट भरतं का?"

प्रश्न चेष्टेचा नाही. खिशाचा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये, असं मी वीस वर्षं बातमीदारी करून शिकलोय. म्हणून उत्तरही हिशेबाने देतो. उत्तर लांब नाही, आपल्या शेजारीच आहे. बांद्याच्या पुढे नाका ओलांडला की गोवा लागतं, तिथे. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

आधी एक शब्द घेऊ. आपल्याकडे सुताराला, गवंड्याला मेस्त्री म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' वरून आला, म्हणजे हातातलं कसब जाणणारा, शिकवणारा. गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत हाच मेस्त्रे चर्चमध्ये मुलांना गाणं आणि व्हायोलिन शिकवायचा. महिन्याला आपण ज्याची वाट बघतो तो 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजच. मेस्त्री आणि पगार हे दोन शब्द लक्षात ठेवा. सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे.

पोर्तुगीज आले, सोळाव्या शतकात गावोगाव चर्च उभी राहिली आणि चर्चला लागून पॅरिश शाळा सुरू झाल्या. शिकवायचं काय? धर्माचे पाठ, लिहिणं-वाचणं आणि संगीत. संगीत ही तिथे हौस नव्हती, गरज होती. रविवारची प्रार्थना, सण, मिरवणूक, अंत्यविधी, सगळ्याला गाणारे आणि वाजवणारे लागत. ते दर वेळी लिस्बनहून आणणं शक्य नव्हतं. मग गावातलीच पोरं तयार करायची.

पद्धत ठरलेली. पहिल्या दिवशी हातात व्हायोलिन मिळत नसे. आधी सोल्फेज. आपलं सा रे ग म, तसं त्यांचं दो रे मी. पाच रेघांवर लिहिलेला स्वर डोळ्यांनी वाचायचा आणि गळ्याने म्हणायचा. टाळी देऊन लय धरायची. हे पक्कं झालं की मग वाद्य, आणि ते बहुतेकदा व्हायोलिन. चर्चमध्ये तेच लागे. घरच्या किंवा वाड्यावरच्या क्रूसापुढे लादाईन म्हणतात, तिथेही व्हायोलिनची साथ असे. मांडो गायचा तर घुमटासोबत व्हायोलिन हवंच.

आता पगाराकडे येऊ. मेस्त्रेला पैसे कोण द्यायचं? मुलांचे आईबाप नाही. चर्चच्या निधीतून मिळत आणि पुष्कळ ठिकाणी कोमुनिदादीची मदत असे. कोमुनिदाद म्हणजे जुनी गावकरी, गावाची सामायिक जमीन आणि तिचं उत्पन्न सांभाळणारी संस्था. म्हणजे शिकवणाऱ्याचा पगार गावाच्या शेताभाटातून निघत होता. शेतमजुराचा मुलगा फी न देता व्हायोलिन शिकू शकला, तो यामुळे.

हे सांगताना दुसरी बाजू लपवायची नाही. ती जमीन आणि तिचं उत्पन्न चर्चकडे कसं गेलं, हा इतिहास गोड नाही. देवळं पाडली गेली आणि देवळांच्या नावावरचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. ज्या राजवटीत मुलं व्हायोलिन शिकली, त्याच राजवटीच्या धर्मन्यायालयाने १७३६ साली हुकूम काढून बाटलेल्या लोकांच्या लग्नातल्या देशी चालीरीतींवर, गाण्यावाजवण्यावर बंदी आणली. एका हाताने वाद्य दिलं, दुसऱ्या हाताने वाद्य काढून घेतलं. आणि ही शाळा सगळ्या गावाची नव्हती, ती ख्रिस्ती मुलांची होती. ख्रिस्ती समाजातही जातीच्या पायऱ्या होत्याच. पलीकडे देवळाच्या आश्रयाने कलावंत घराण्यांतलं गाणं वेगळ्या वाटेने चाललं होतं. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ त्या वाटेने आले. त्या वाटेची किंमत त्या घरांतल्या बायकांनी काय मोजली, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

पण एक गोष्ट खरी. सक्तीने आलेलं ते वाद्य लोकांनी पुढे आपलं केलं. आणि त्याच्यावर पोटही भरलं.

गोव्यात धंदा नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून माणसं मुंबईला, पुण्याला, कराचीला, आफ्रिकेला जाऊ लागली. कुणी आचारी झाले, कुणी बोटीवर गेले. ज्यांना स्वरलिपी वाचता येत होती, ते पोलिसांच्या आणि पलटणीच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, पुढे मूकपटांच्या थिएटरात आणि हॉटेलांत वाजवायला लागले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या एकेका गावाची 'कूड' असायची. म्हणजे गावकऱ्यांचं सामायिक बिऱ्हाड. पेटी ठेवायची, पथारी टाकायची आणि कामाच्या शोधात निघायचं. आपल्या गिरणगावातल्या कोकणी गाळ्यांसारखंच.

मग सिनेमा बोलू लागला. संगीतकाराच्या डोक्यात चाल असे, पण तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी वाजवायचं तर प्रत्येकाच्या पुढ्यात कागद हवा. कोणी कधी शिरायचं, कोणी थांबायचं, कुठला स्वर धरायचा, हे त्या कागदावर. तो कागद लिहिणारे आणि बघताक्षणी वाजवणारे हाताशी होते, ते गोव्यातल्या पॅरिश शाळांतून आलेले. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन त्यांनी केलं. पन्नास-साठच्या दशकातल्या त्या गाण्यांत अंतऱ्याच्या आधी व्हायोलिनची लाट उठते ना, ती कोणीतरी कागदावर लिहिलेली आहे. पडद्यावर मात्र नाव संगीतकाराचं यायचं. वाजवणारे पाळीवर येत, पाळीचे पैसे घेत आणि लोकल पकडत.

अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं एक नाव. जन्म १९२७, गाव सालसेतमधलं माजोर्डा. वडील तिथल्या चर्चमध्ये मेस्त्रे. पोराने घरात आणि चर्चमध्येच व्हायोलिन उचललं. मुंबईत आल्यावर ते सिनेमात वाजवू लागले, संयोजन करू लागले आणि शिकवूही लागले. त्यांच्याकडे रामप्रसाद शर्मा या ट्रंपेट वाजवणाऱ्याचा लहान मुलगा व्हायोलिन शिकायला येई. तो मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. १९५८ साली गोन्साल्विसनी मुंबईत हिंदुस्थानी रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पुढे ते अमेरिकेला गेले, परतले ते माजोर्ड्यालाच. २०१२ मध्ये वारले.

१९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्ये अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो. ते नाव प्यारेलालनी आपल्या गुरूला वाहिलेलं आहे. आपण चाळीस-पंचेचाळीस वर्षं वरातीत त्या गाण्यावर नाचतोय. ते एका व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?

तर पहिलं उत्तर हे. होय, व्हायोलिन शिकून पोट भरलं. पिढ्यान् पिढ्या भरलं.

आता लगेच उड्या मारू नका. कारण ते दिवस संपले. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला. तीस व्हायोलिनांचा आवाज एका पेटीतून निघू लागला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्याच्या आधीच गावातली मुळं सुकायला लागली होती. १९६२ ते १९६५ मध्ये रोममध्ये धर्मपरिषद झाली. प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत आली, साधी झाली, आणि जुनं लॅटिन गायन-वादन मागे पडलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, शाळा वाढल्या, मुलं दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली. हे चांगलंच झालं. पण पॅरिश शाळेतल्या मेस्त्रेची खुर्ची नव्या शाळेत कोणी मांडली नाही. पणजीत १९५२ मध्ये आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीताची अकादमी काढली होती, १९७० मध्ये कला अकादमी आली. दोन्ही मोलाच्या. पण पणजीतली संस्था म्हणजे गावातला मास्तर नव्हे. आठ वर्षांचं पोर रोज चालत जाऊ शकेल, एवढ्या अंतरावर शिकवणारा हवा.

आणि व्हायोलिन लहानपणीच हातात यावं लागतं. गिटारला पट्ट्या असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनला काही नसतं. बोट केसभर सरकलं की सूर गेला. कानाने ऐकायचं, बोटाने दुरुस्त करायचं, दिवसातून शंभर वेळा. म्हणून लहान मुलांसाठी पाव, अर्धं, पाऊण अशा मापांची व्हायोलिनं मिळतात. मूल वाढलं की वाद्य बदलायचं. एका घराला हा खर्च झेपत नाही. केंद्राला झेपतो, कारण एकाने सोडलेलं अर्धं व्हायोलिन दुसरा घेतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत खुंट्या फुगतात, गज सैल पडतो. ते बघणारा माणूसही जवळ लागतो. हे काम सामायिकच व्हायचं.

आज हे कोण करतंय? पणजीत डॉ. लुईस डायस या डॉक्टरांनी २००९ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' नावाची संस्था काढली. गरीब वस्तीतल्या मुलांना व्हायोलिन आणि इतर वाद्यं शिकवतात. कालिंपोंगला फादर मॅग्वायर यांनी १९९३ मध्ये गांधी आश्रम शाळा काढली. मजुरांची मुलं तिथे गणित-इंग्रजीबरोबर व्हायोलिन शिकतात. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. ते शिक्षणाने अर्थतज्ज्ञ. सरकारकडून पैसा मिळवताना ते म्हणत की हा सांस्कृतिक कार्यक्रम नाही, समाजकल्याणाचं काम आहे, आणि पैसाही त्याच खात्यांतून आणत. त्यांच्यावर टीकाही झाली. जेफ्री बेकर या ब्रिटिश अभ्यासकाने २०१४ च्या पुस्तकात लिहिलं की तिथली शिस्त जाचक आहे आणि गरिबी हटवण्याचे दावे फुगवलेले आहेत. ती टीकाही ऐकायला हवी. वाद्य हातात दिलं म्हणून घरातली चूल पेटत नाही.

मग माझं म्हणणं काय? सांगतो.

आपल्याकडे संगीत नाही असं नाही. आपल्या जिल्ह्यात डबलबारीला रात्रभर माणसं बसतात. दशावतारात पेटी, पखवाज, झांज नसेल तर राजा सभेत येणार कसा? प्रत्येक वाडीत कोणीतरी बुवा पोरांना पखवाजावर हात बसवून देतो. पण त्या बुवाला पगार नाही. वर्षाकाठी श्रीफळ आणि शाल. तो दिवसा रिक्षा चालवतो, आंब्याला फवारणी करतो आणि रात्री जमेल तेव्हा शिकवतो. बुवा थकला की वाडीतला वर्ग बंद. त्याचा मुलगा मुंबईला सिक्युरिटीत लागलेला असतो.

गोव्यातल्या पद्धतीत धर्माची सक्ती होती, ती नको. ती एका समाजापुरती होती, तेही नको. घ्यायचं ते एवढंच. शिकवणाऱ्याचा पगार गावाने दिला, दर महिन्याला दिला, आणि मुलाच्या बापाची ऐपत विचारली नाही. पगार थांबला तिथे दोन पिढ्यांत विद्या थांबली. इमारती अजून उभ्या आहेत.

म्हणून इमारतीवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना माझं सांगणं आहे. केंद्राच्या बाजूने बोलणारेही उद्घाटन, फलक आणि पेटी-तबल्याची खरेदी यावरच बोलतायत. खरेदीत सगळ्यांना रस असतो. शिकवणाऱ्याच्या मानधनाची ओळ अंदाजपत्रकात आहे का, ते विचारा. किती वर्षांसाठी आहे, ते विचारा. ती नसेल तर दोन वर्षांत वाद्यांना वाळवी लागेल आणि गाळेवाले म्हणतील, आम्ही सांगत नव्हतो? तेव्हा ते बरोबरच असतील.

आणि ती ओळ असेल, तर गाळ्यांचं भाडं बुडालं म्हणून रडू नका. चार गाळे पुढच्या बाजूला काढा, मागे वर्ग भरवा, भाडं मास्तरच्या पगाराला लावा. गावाच्या उत्पन्नातून शिकवणाऱ्याचा पगार, ही काही परदेशी कल्पना नाही. आपल्या देवस्थानांच्या इनामांतून वाजंत्र्यांची पोटं याच हिशेबाने चालत होती.

येत्या सभेत विषय निघणार आहे. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा. मास्तरला पगार कोण देणार? काय उत्तर मिळालं, ते मला कळवा. मी छापतो.