नदीकाठचा फुकट मुक्काम

१९१०च्या दशकात मुलाबाळांना घेऊन मोटारीने लांबच्या प्रवासाला निघालेल्या अमेरिकन कुटुंबाला धास्ती असायची ती हॉटेलची. रस्ते कच्चे, गाड्या उघड्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या अंगावर धुळीचा थर. अशा अवतारात हॉटेलात शिरायचे म्हणजे सुटाबुटातल्या मंडळींच्या नजरा झेलायच्या. जेवणाच्या वेळा ठरलेल्या. पोर आधीच भुकेने रडत असो की पेंगुळले असो, पंगत आपल्याच वेळेला बसणार. वर पावलोपावली बक्षिसी. त्यापेक्षा गावाबाहेर एखादी नदी गाठावी, गाडीच्या टपाला कापड बांधून आडोसा करावा, पोरांना पाण्यात डुंबायला सोडून काठावर चूल पेटवावी, हे कितीतरी सोपे. पैसे द्यायचे नाहीत आणि कुणाची परवानगीही घ्यायची नाही.

हे शक्य झाले हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’मुळे. १९०८ साली बाजारात आली तेव्हा ही गाडी ८५० डॉलरच्या आसपास होती. १९२५पर्यंत तिचा सर्वात स्वस्त प्रकार ३०० डॉलरच्या आत मिळू लागला. शिक्षक, शेतकरी, कारकून असे सगळेच गाडी बाळगू लागले. १९१५च्या ऑगस्टमध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे दरवाजे मोटारींना उघडले आणि पश्चिमेकडे जाणारी रीघ वाढली. पायफळीवर शिध्याचे डबे, मागे गाद्या आणि घडीच्या खाटा, बाजूला पाण्याची पिंपे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर तसा हा संसार गाडीवर लादलेला असे. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराच्या डी सोटो पार्कमध्ये अशा मंडळींनी आपली संघटनाच काढली आणि डबाबंद अन्नावरून तिचे नाव ठेवले ‘टिन कॅन टुरिस्ट्स’.

बड्यांनाही या हौसेची लागण झाली. फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन बहुतेक उन्हाळ्यांत असे भटकायला निघत. १९२१ साली त्यांनी मेरिलंडमधल्या एका ओढ्याकाठी तंबू ठोकले, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग तिथे मुक्कामाला आले. त्यांच्याबरोबर आचारी होते, भटारखान्याची गाडी होती, तंबूत विजेचे दिवे होते. ही चैन सामान्यांना कुठून परवडणार? पण वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकली आणि ओढ्याकाठी तंबूत राहणे हे प्रतिष्ठितांचे काम ठरले.

शेतकऱ्यांना मात्र या पाहुण्यांचा लवकरच वीट आला. कुंपणे मोडलेली, फाटके उघडी टाकलेली, बागेतली फळे तोडलेली, नदीकाठी डब्यांचे ढीग, विझवायचे राहिलेले जाळ. ज्या पाण्यात कालच्या मुक्कामाची घाण गेली, तेच आजचा मुक्काम पिण्यासाठी भरून घेणार, ही आरोग्य अधिकाऱ्यांची काळजी वेगळीच. ‘प्रवेश बंद’च्या पाट्या जागोजागी दिसू लागल्या.

गावातल्या व्यापाऱ्यांना यात संधी दिसली. या लोकांना आपण होऊन जागा दिली तर ते पेट्रोल, ब्रेड, दूध आपल्याच पेठेत घेतील, हा त्यांचा सरळ हिशेब. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावच्या नगरपालिकांनी मोफत मोटार-तळ उघडले. पाणी, सरपण, शौचकूप, दिवे, कुठे सामायिक स्वयंपाकघर आणि गरम पाण्याची न्हाणी. शेजारच्या गावाने दिवे लावले की या गावाने न्हाणीघर बांधायचे, अशी चढाओढच लागली. तिचे टोक म्हणजे डेन्व्हरचा ओव्हरलँड पार्क. साउथ प्लॅट नदीच्या काठी, जुन्या शर्यतीच्या मैदानावर १६० एकरांत सुमारे ८०० मोटारींची सोय. मध्ये तीन मजली इमारत, किराणा दुकान, उपाहारगृह, धोबीखाना. मूल आजारी पडले, गाडी बिघडली, तरी हाकेच्या अंतरावर माणसे होती. ओळखपाळख नसलेल्या बायका शेजारी चुली मांडून एकमेकींना मीठमसाला देत असत.

हा आतिथ्याचा काळ फार टिकला नाही. गाड्या जुन्या झाल्या, विक्रीला आल्या आणि पाचपन्नास डॉलरांत गरिबांच्या हाती पडू लागल्या. मोफत तळांवर आता सुट्टीवाल्यांबरोबर काम शोधत फिरणारी कुटुंबेही उतरू लागली. त्यांची पोरे तशीच नदीत डुंबत, त्यांची चूलही तशीच पेटे. पण त्यांच्या खिशात गावात खर्चायला पैसा नव्हता. १९२३-२४च्या सुमारास नगरपालिकांनी रात्रीचे २५ ते ५० सेंट भाडे लावले आणि मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली. कारण उघडपणे सांगितले जाई : नको असलेली माणसे दूर ठेवणे. भाडे सुरू झाले तसे खासगी मालक या धंद्यात उतरले. तळावर लाकडी खोल्या आल्या, १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे पहिले ‘मोटेल’ उघडले आणि नगरपालिकांचे तळ एकेक करून बंद पडत गेले.

कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वाट्याला तर हे आतिथ्य पुरते कधी आलेच नाही. कुठे थांबले तर अपमान होणार नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागे. न्यूयॉर्कचे टपालवाले व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६पासून काढलेली ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका याच गरजेतून आली. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी लुइस माउंटन ही वेगळी जागा उघडली गेली; म्हणजे सरकारी जंगलातही तंबूंची वस्ती रंगावरून वाटलेली होती.

मंदी आणि दुष्काळाच्या वर्षांत नदीकाठचे चित्र पालटले. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सासमधून लाखो माणसे जुन्या गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. कालव्यांच्या आणि नद्यांच्या कडेने त्यांनी पाले टाकली. गाडी तीच, कापडाचा आडोसाही तोच. फक्त आता याला कुणी सहल म्हणत नव्हते. १९३६च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठवले आणि कफल्लक दिसणाऱ्यांना परत पिटाळायला सुरुवात केली. त्याच वर्षी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी निपोमो इथल्या मजुरांच्या तळावर, पालात मुलांना कुशीत घेऊन बसलेल्या आईचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र काढले. केंद्र सरकारने आर्विनसारख्या ठिकाणी पाणी, न्हाणीघरे आणि मुलांच्या देखभालीची सोय असलेले तळ उभारले. जॉन स्टाइनबेकला ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या कादंबरीसाठी बरीच सामग्री तिथूनच मिळाली. गरीब माणसाला राज्यात आणणे हाच गुन्हा मानणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत लागू होता.

याच काळात सुट्टीवाल्यांसाठी वेगळी आखणी चालू होती. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके यांनी दाखवून दिले की गाड्यांच्या चाकांखाली माती घट्ट दाबली जाते, मुळे गुदमरतात आणि ज्या झाडांच्या सावलीसाठी लोक येतात तीच मरतात. १९३२ साली त्यांनी उपाय मांडला : एकेरी वळणदार रस्ता, प्रत्येक कुटुंबाला गाडीची ठरलेली जागा, पक्की चूल, पक्के टेबल. अमेरिकेतले बहुतेक सरकारी तळ आजही याच धर्तीवर आहेत. खासगी बाजूने १९६२ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेली कुटुंबे पाहून मोंटानातल्या बिलिंग्ज इथे, यलोस्टोन नदीच्या काठी एक सशुल्क तळ निघाला. ‘के.ओ.ए.’ ही देशभरची साखळी त्यातूनच वाढली.

फुकट मुक्काम तरीही संपलेला नाही. केंद्राच्या भू-व्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात, तसेच राष्ट्रीय वनांत, कुणालाही पैसे न देता तंबू ठोकता येतो. सर्वसाधारण नियम असा की एका जागी १४ दिवस, मग पुढे सरकायचे. पाण्यापासून अंतर राखायचे, कचरा परत न्यायचा. मुलांना घेऊन फिरणारी हजारो कुटुंबे दर उन्हाळ्यात या सवलतीचा लाभ घेतात.

ओरेगन राज्यात रोग नदीच्या काठी ग्रँट्स पास नावाचे गाव आहे. तिथे बेघर माणसांना नदीलगतच्या उद्यानांत पथारी टाकून झोपल्याबद्दल २९५ डॉलर दंड होई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल लागला. त्याच परिसरातल्या रोग रिव्हर-सिस्कियू राष्ट्रीय वनात मात्र सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाला आजही फुकट मुक्काम करता येतो.