जोडकामावरील मुकादम

१६ जानेवारी १९४३ च्या रात्रीं अमेरिकेंतील पोर्टलंड येथें, धक्क्याशीं शांत पाण्यांत उभें असलेलें ‘स्केनेक्टडी’ हें नवें तेलवाहू जहाज प्रचंड आवाजासरशीं मधोमध दुभंगलें. रिव्हेटांच्या जहाजांत चीर बहुधा पत्र्याच्या कडेशीं थांबे. वेल्डिंगनें सारें अंग एकसंध झाल्यामुळें ती अडली नाहीं. चौकशींत सदोष सांधे आढळले. थंडींत तसलें पोलाद ठिसूळ होतें, हें पुढें केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनीं दाखविलें.

म्हणून जोडकामावरील मुकादमाचें केवळ हजेरी घेऊन भागत नाहीं. सांध्यांचा क्रम ठरविणें आणि वरून गुळगुळीत पण आंतून पोकळ असा सांधा पुन्हां करविणें, हें त्याचें खरें कर्तव्य होय. कच्चा धडा पुढें ढकलणाऱ्या आम्हां मास्तरांनींही हें ध्यानीं धरावें.