नांवांचा तह

विज्ञानाच्या इतिहासांत शोधांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. समजुतीच्या कथा मात्र क्वचितच. एकाच वस्तूला अनेकांनीं अनेक नांवें द्यावीं, आणि पुढें आपापलें नांव सोडून सर्वांनीं एकच पत्करावें, ही गोष्ट कोणत्याही शोधाइतकीच दुर्मिळ होय. अशी एक हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी कधीं कधीं स्वकीयांवरच उलटतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन पंडित पॉल एर्लिख यांनीं असें प्रतिपादिलें कीं, शरीर स्वतःवर असा घाला सहसा घालीत नाहीं. त्यांच्या शब्दाचा दरारा एवढा कीं, अर्धें शतक बहुतेकांनीं ह्या स्वकीयद्रोहाकडे पाठच फिरविली. १९५६ सालीं अमेरिकेंत रोझ व विटेब्स्की यांनीं सशांमध्यें, आणि लंडनमध्यें रॉइट, डोनिआक प्रभृतींनीं रोग्यांच्या रक्तांत, कंठांतील थायरॉइड ग्रंथीविरुद्धचा हा द्रोह दाखवून दिला.

पण द्रोहाचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातो कसा? पेशी कांहीं द्रव्यें स्रवतात, हें अनेक प्रयोगशाळांना आढळलें होतें. मात्र जिच्या पात्रांत जो परिणाम दिसला, त्यावरून तिनें नांव दिलें. कोणी ‘पेशी चेतविणारें’ म्हटलें, कोणी ‘पेशी वाढविणारें’. दोन विद्वान एकाच द्रव्याविषयीं बोलत आहेत कीं दोन निराळ्या, हेंच कळेनासें झालें. अखेर १९७९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें एर्माटिंगेन येथें भरलेल्या परिषदेंत तोड निघाली: इंटरल्यूकिन १ आणि इंटरल्यूकिन २. अर्थ एवढाच कीं, पांढऱ्या पेशींच्या आपसांतलें द्रव्य. ह्या नांवांत कोणाची मालकी नव्हती, आणि एकाच गुणाचा आग्रहही नव्हता. म्हणूनच तीं टिकलीं.

ह्याच्या उलट उदाहरण ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरचें. गांठी नष्ट करणारें म्हणून १९७५ सालीं त्याला हें नांव मिळालें. १९८५ सालीं दिसून आलें कीं, शरीर झिजविणारें ‘कॅचेक्टिन’ तेंच! लंडनच्या केनेडी संस्थेंत मार्क फेल्डमन आणि लुधियान्यास जन्मलेले रविंदर मैनी यांनीं आमवाताच्या सांध्यांत तेंच शोधिलें. हें एक द्रव्य अडविलें असतां इंटरल्यूकिन १ ही ओसरतें, असें त्यांच्या गटाला १९८९ सालीं आढळलें. १९९२ सालीं पहिल्या रोग्यांना तें द्रव्य अडविणारें औषध टोंचण्यांत आलें. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत लंडन, लायडेन, व्हिएन्ना व एर्लांगेन ह्या चार नगरांतील ७३ रोगी होते. मोठी मात्रा मिळालेल्या २४ पैकीं १९ जणांस चार आठवड्यांत गुण आला. औषधविरहित द्रव टोंचलेल्या २४ पैकीं दोघांसच.

हा विजय निर्भेळ नाहीं. रोग दबतो, समूळ जात नाहीं. शिवाय हेंच द्रव्य क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतें, म्हणून तें अडविल्यावर निद्रिस्त क्षय जागा होऊं शकतो. आपल्या देशांतील वैद्यांना हें विसरून चालणार नाहीं.

तथापि मूळ धडा ढळत नाहीं. चार नगरांतील डॉक्टरांस एकच परीक्षा एकाच मापानें घेतां आली, ती सर्वांनीं आधीं एक भाषा मान्य केली म्हणून. शोधाचें श्रेय व्यक्तीला मिळतें, आणि तें योग्यच आहे. पण आपलें नांव सोडून देणाऱ्यांचें श्रेय मांडावयास इतिहासाच्या वहींत रकानाच नसतो. तो असावा.