कोंगोची कुळकथा

ऑर्केस्ट्रात तळहाताने वाजवायचं ते उंच वाद्य आपल्याकडे 'कोंगो' म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा आकार पिंपासारखा का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. क्यूबातल्या उसाच्या मळ्यांवर राबायला काँगो नदीच्या खोऱ्यातून गुलाम नेले गेले. देश सुटला, पण ढोलाचा ताल हातात राहिला. जे हाती लागेल त्यावर त्यांनी चामडं ताणलं, त्यात पिंपंही होती.

चामडं खिळ्यांनी ठोकलेलं असे. आवाज उतरला की ते विस्तवावर शेकायचं. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला हे वेगळं सांगायला नको. मिरवणूक निघण्याआधी काडीकचरा पेटवून हलगी तापवायची आणि टिपरू मारून कान द्यायचा, हे मराठवाड्याला चांगलं माहीत आहे. कोंगोला लोखंडी कडी आणि बोल्ट 20व्या शतकात आले.

क्यूबातली गुलामगिरी 1886 साली संपली. हवाना, मातान्सासच्या गरीब वस्त्यांत रुम्बा हा गाण्या-नाचाचा प्रकार रंगू लागला. त्यात ढोल तीन. खर्जातला पाया धरतो, मधला त्याला उत्तर देतो आणि बारीक आवाजाचा किंतो नाचणाऱ्याच्या पावलांशी बोलतो. एकट्याचं वाजवणं तिथे अर्धंच, त्यामुळे शिकणंही घोळक्यातच. नवख्याच्या हाती आधी क्लावे, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या दोन लाकडी दांड्या. त्या न चुकता सांभाळल्या की मग ढोल. किंतो सगळ्यात शेवटी. मला ही शिस्त फार मोलाची वाटते, कारण इथे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय आपला हात पुढे सरकतच नाही.

क्यूबाचा हा ताल मुंबईलाही पोचला. 1951च्या 'अलबेला' चित्रपटात पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी 'शोला जो भडके'ला बोंगोचा, म्हणजे क्यूबातल्याच छोट्या जोडढोलांचा, ठेका दिला. तो वाजवला कावस लॉर्ड यांनी. रामचंद्रांच्या जोडीला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. गाणं घरोघरी गेलं, वाजवणाऱ्यांची नावं मागेच राहिली. ती सांगितली गेलीच पाहिजेत.

ताडकळसच्या भजनात पखवाज, ढोलकी शिकणाऱ्या मुलांनी एकदा हे करून पाहावं. एकाने 16 मात्रा मोजत 1, 4, 7, 11 आणि 13वर क्लावेसारखी टाळी द्यावी, बाकीच्यांनी त्यावर आपला ठेका धरावा. टाळी देणारा दर फेरीला बदलावा.